‘हे तर डिट्टो झेपलिन!’: नव्या रॉक बँडांच्या तुलनेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत रॉक ऐकणाऱ्या मराठी मंडळींमध्ये एखादा नवा बँड लावला, की पहिलं कडवं संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, ‘अरे, हे तर डिट्टो झेपलिन!’ मग वाद पेटतो आणि गाणं ऐकायचं राहून जातं. दादरला आम्ही काही जण एकत्र ऐकायला बसतो. तिथे नव्याने येणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. मतं माझी आहेत.

झेपलिन म्हणजे नेमके कोण? मी अजून ऐकलेलंच नाही.

लेड झेपलिन हा १९६८ साली लंडनमध्ये जमलेला चौघांचा बँड. गिटारवर जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लँट, ड्रम्सवर जॉन बॉनम. आणि बेस, कीबोर्ड, मेंडोलिन असं जे लागेल ते वाजवणारा जॉन पॉल जोन्स. पहिला अल्बम जानेवारी १९६९ मध्ये आला. २५ सप्टेंबर १९८० रोजी बॉनम वारला. त्याच्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवून उरलेल्या तिघांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात बँड थांबवला. एवढ्या बारा वर्षांच्या कामाशी आज पन्नास वर्षांनंतरही प्रत्येक जड रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी सुरावट) वाजवणाऱ्याला मोजलं जातं.

हल्ली ही तुलना कोणाच्या वाट्याला येते?

सगळ्यात जास्त ग्रेटा व्हॅन फ्लीटच्या. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्रँकनमथ गावचे तीन किस्का भाऊ, जॉश, जेक आणि सॅम, आणि ड्रम्सवर त्यांचा मित्र डॅनी वॅग्नर. त्यांच्या खालोखाल कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा रायव्हल सन्स. ऑस्ट्रेलियाच्या वुल्फमदरला २००५ च्या पहिल्या अल्बमपासून हे ऐकावं लागलं, पण मला त्यांच्यात ब्लॅक सबाथ जास्त ऐकू येतो. डर्टी हनीलाही लोक याच रांगेत बसवतात. त्यांचा ओढा खरं तर एरोस्मिथकडे आहे. आणि इंग्लंडच्या रॉयल ब्लडमध्ये तर गिटारच नाही, बेस आणि ड्रम्स वाजवणारे दोघेच आहेत. जिमी पेज त्यांना ऐकायला गेला होता आणि त्याने त्यांचं कौतुक केलं, हे खरं. पण तेवढ्याने कुणी झेपलिनचा वारस होत नाही.

ही सवय नवी आहे का?

अजिबात नाही. झेपलिन ऐन भरात होते तेव्हापासून ती चालू आहे. १९७४ मध्ये कॅनडाच्या रश या बँडचा पहिला अल्बम आला. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या रेडिओवर त्यातलं ‘वर्किंग मॅन’ वाजलं, तेव्हा श्रोते फोन करून विचारू लागले, झेपलिनचा नवा अल्बम कधी येतोय? त्याच वर्षी रशमध्ये नील पर्ट हा नवा ड्रमर आला. तो गाणी लिहायचाही. १९७६ च्या ‘२११२’ पर्यंत त्यांना झेपलिन म्हणणारं कुणी उरलं नाही.

किंगडम कम या बँडची गोष्ट मात्र वेगळी झाली. १९८८ चं त्यांचं ‘गेट इट ऑन’ ऐकून अनेकांना वाटलं, जुनी मंडळी पुन्हा एकत्र आली. विक्री जोरात झाली, आणि मग ‘किंगडम क्लोन’ हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. पुढच्याच वर्षी गिटारिस्ट गॅरी मूरने या साऱ्या नकलाकारांवर ‘लेड क्लोन्स’ नावाचं गाणंच काढलं, आणि ते गायला ऑझी ऑस्बोर्नला बोलावलं. रश आणि किंगडम कम, दोघांची सुरुवात एकाच शिक्क्याने झाली. पुढचा फरक कशाने पडला, ते खाली येईलच.

ग्रेटा व्हॅन फ्लीट खरंच इतके सारखे आहेत का?

पहिल्या ऐकण्यात, हो. २०१७ चं ‘हायवे ट्यून’ लावा. जॉश किस्काचा आवाज वरच्या पट्टीत जातो आणि तिथे फाटतो, तो थेट १९६९ च्या प्लँटसारखा. त्या काळातली हुंकार टाकायची पद्धतही तीच. जेकचा रिफ झेपलिनच्या ‘द रोव्हर’च्या अगदी जवळचा आहे. हे साम्य नाकारणाऱ्या चाहत्यांशी माझं जमत नाही. कानाला जे ऐकू येतं ते कबूल करायला हवं.

पण या साम्यावरून समीक्षकांनी जे केलं, तेही मला पटत नाही. २०१८ च्या ‘अँथम ऑफ द पीसफुल आर्मी’ या त्यांच्या पहिल्या पूर्ण अल्बमला पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने १० पैकी १.६ गुण दिले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांच्याच ‘फ्रॉम द फायर्स’ला सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. दोन्ही निकाल एकाच प्रश्नाभोवती फिरत होते, हे कितपत झेपलिनसारखं आहे? एकाला त्याचा राग आला, दुसऱ्याला आनंद झाला. गाणी कशी बांधली आहेत, चाल कुठे वळते, शब्द काय म्हणतात, हे दोघांनीही जवळजवळ सोडून दिलं.

माझं मत विचाराल, तर सुरुवातीच्या गाण्यांत ऊर्जा भरपूर होती, पण चौघांना तोवर फारसं काही सुचलेलं नव्हतं. २०२१ चा ‘द बॅटल ॲट गार्डन्स गेट’ लांबलचक आहे, जागोजागी ताणलेला आहे, तरी तोच मला जास्त आवडतो. त्यात तंतुवाद्यांचा मोठा मेळ आहे, काही गाणी लांब श्वास घेतात, आणि जॉशला आपला आवाज कुठे थांबवायचा हे कळू लागलेलं दिसतं. २०२३ चा ‘स्टारकॅचर’ डेव्ह कॉबने घडवला. रायव्हल सन्सच्या बहुतेक अल्बमांचा निर्माताही तोच.

रॉबर्ट प्लँटचं स्वतःचं म्हणणं काय?

२०१८ मध्ये एका मुलाखतीत त्याने हसत सांगितलं, की हा बँड म्हणजे लेड झेपलिनचा पहिला अल्बमच आहे. गायकाचा आवाज सुंदर असल्याचंही म्हणाला, आणि गमतीने त्याचा रागही येतो म्हणाला. लोक यातलं आपल्या सोयीचं अर्धं वाक्य उचलतात. मला यात जाणवतो तो ‘पहिला अल्बम’ हा शब्द. झेपलिन स्वतः त्या पहिल्या अल्बमवर थांबले नाहीत.

पण ही चोरीच नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी झेपलिनचा हिशेब मांडावा, असं मी आग्रहाने सांगतो.

‘होल लोटा लव्ह’चे शब्द ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) लिहिणाऱ्या विली डिक्सनच्या ‘यू नीड लव्ह’मधून आले होते. ते मडी वॉटर्सने १९६२ साली गायलं होतं. डिक्सनचं नाव रेकॉर्डवर नव्हतं. त्याने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली, आणि मग नाव आलं. ‘द लेमन साँग’ हाऊलिन वुल्फच्या ‘किलिंग फ्लोर’वर उभं आहे, तिथेही तडजोड करावी लागली. ‘डेझ्ड अँड कन्फ्युज्ड’ हे जेक होम्सचं गाणं. त्याचा उल्लेख यायला चार दशकं गेली. ‘स्टेअरवे टू हेवन’च्या खटल्यात मात्र झेपलिन जिंकले. २०१६ मध्ये ज्युरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम ठेवला.

आता फरक बघा. ग्रेटा व्हॅन फ्लीटने कुणाचं गाणं उचललेलं नाही. त्यांनी गाण्याची रीत उचलली: आवाज, कपडे, गिटारचा बाज. रीत कुणाच्या मालकीची नसते. ज्या कृष्णवर्णीय ब्लूज कलाकारांनी आयुष्यभर तुटपुंज्या पैशांत गाणी केली, त्यांचं नाव न लावणं हा मोठा अन्याय होता. झेपलिनवर माझं मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच हे सांगताना मी शब्द मवाळ करणार नाही.

आणखी एक. १९६९ साली रोलिंग स्टोन मासिकाने झेपलिनच्या पहिल्या अल्बमवर टीका केली ती हीच, की जेफ बेक ग्रुपने आधीच चांगलं करून ठेवलेलं काम हे पुन्हा करताहेत. दोन्ही बँडांच्या पहिल्या अल्बमवर ‘यू शुक मी’ हे एकच ब्लूज गाणं आहे. जेफ बेकच्या त्या गाण्यात ऑर्गन वाजवणारा जॉन पॉल जोन्सच होता!

मग साम्य पारखायचं कसं?

गायकाचा आवाज बाजूला ठेवा आणि खालची बाजू, म्हणजे ड्रम्स आणि बेस, ऐका. आपल्याकडे तुलना नेहमी गायकावरून आणि रिफवरून होते, कारण ते चटकन ऐकू येतं. नकलाही त्याचीच होते. झेपलिनचं वेगळेपण माझ्या मते बॉनम आणि जोन्स या दोघांत होतं.

‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ घ्या. हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात बॉनमचे ड्रम्स जिन्याच्या तळाशी प्रवेशदालनात ठेवले, आणि अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकाने दोन माइक वर जिन्यावरून खाली सोडले. तुम्हाला जे ऐकू येतं त्यात ड्रम्स जितके आहेत तितकंच ते घर आहे. त्यावर बॉनमचा ठोका किंचित मागे रेलून पडतो. घाई नाही, पण सैलपणाही नाही. हे गाणं मुळात मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनी १९२९ मध्ये मुद्रित केलं होतं. दोन्ही एकामागोमाग ऐकलीत, तर झेपलिनने त्याला नेमकं काय दिलं ते कळेल: लयीचं वजन.

किंवा ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’. त्यातले बास ड्रमचे तिहेरी ठोके बॉनमने एकाच पायाने, एकाच पेडलवर काढले आहेत. ‘ब्लॅक डॉग’चा अवघड रिफ जोन्सने रचला. तो मुद्दाम ड्रम्सच्या हिशेबाला छेद देत जातो.

‘काश्मीर’ तर आपल्या लोकांना बोटांवर मोजता येतं. ड्रम्स चार मात्रांचे, वरचा रिफ तीन मात्रांचा. बारा मात्रांनी दोघं पुन्हा एकत्र येतात. तबला ऐकलेल्या माणसाला यात लगेच सम सापडते. आमच्याकडे ज्यांनी आयुष्यात रॉक ऐकलं नव्हतं, पण भजनाला टाळ धरला होता, अशांना हे गाणं पहिल्यांदा पटलेलं मी पाहिलं आहे.

आता ग्रेटा व्हॅन फ्लीटकडे या. डॅनी वॅग्नर स्वच्छ वाजवतो, पण बहुतेक वेळा रिफच्या पाठोपाठ चालतो. रिफशी भांडत नाही. रायव्हल सन्सचा माइक मायली भांडतो. त्यांचा गायक जे ब्यूकॅनन याचा आवाज प्लँटपेक्षा जुन्या सोल गायकांच्या जवळचा आहे, तरीही झेपलिनची खरी ओढ मला या बँडमध्ये जास्त जाणवते, ती मायलीमुळे.

तेव्हा पुढच्या वेळी ‘झेपलिनसारखं’ म्हणालात, तर कशासारखं तेही सांगा. आवाज? ठोका? ध्वनिमुद्रण? नुसत्या नावाने ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही.

झेपलिन मुंबईत आले होते हे खरं का? की नुसती दंतकथा?

खरं आहे, पण बँडचा जाहीर कार्यक्रम भारतात कधीच झाला नाही. १९७२ मध्ये पेज आणि प्लँट मुंबईत आले, आणि इथल्या स्टुडिओत मुंबईच्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ या आपल्याच दोन गाण्यांचं नव्याने ध्वनिमुद्रण केलं. ते अधिकृतपणे यायला २०१५ साल उजाडलं. झेपलिनच्या ‘कोडा’ या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ या नावाने ते आहे. त्याच मुक्कामात दोघं कुलाब्याच्या स्लिप डिस्क या डिस्कोथेकमध्ये स्थानिक वादकांबरोबर वाजवायला उभे राहिले. जुन्या मुंबईकर रॉकप्रेमींच्या गप्पांत ही रात्र आजही येते.

‘फोर स्टिक्स’ हे साधं गाणं नाही. बॉनमने मूळ मुद्रणात दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरल्या, म्हणून ते नाव. त्यातली लय पाच आणि सहाच्या गटांत फिरते. असं गाणं घेऊन मुंबईच्या वादकांसमोर बसायचं, याला धाडस लागतं आणि नम्रताही.

भारताचा धागा त्याआधीही होता. पहिल्याच अल्बममधल्या ‘ब्लॅक माउंटन साइड’मध्ये तबला विराम जसानी यांनी वाजवला आहे. (त्या सुरावटीमागे एक आयरिश लोकगीत आहे आणि बर्ट जान्शने त्याची केलेली गिटार-मांडणी आहे; इथेही जान्शचं नाव नाही.) उलट ‘काश्मीर’चा काश्मीरशी संबंध नावापुरता. ते शब्द प्लँटला मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर सुचले.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण नक्कल करणाऱ्यांच्या हातून नेमकं हेच निसटतं. झेपलिनने ब्लूज ऐकला, इंग्लंड-आयर्लंडचं लोकसंगीत ऐकलं, मोरोक्को पालथं घातलं, मुंबईत येऊन सारंगी-तबल्याजवळ बसले. किंगडम कमने झेपलिन ऐकलं. रशने झेपलिनही ऐकलं आणि बाकीही पुष्कळ ऐकलं.

नकलेतून मोठा कलाकार घडू शकतो का?

आपल्यापुढे कुमार गंधर्वांचं उदाहरण आहे. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब तसं गाऊन दाखवायचे, आणि लोक थक्क व्हायचे. मग ते मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकायला आले. देवधर एका घराण्याला चिकटून राहणारे नव्हते. त्यांच्याकडे अनेक घराण्यांचं गाणं कानावर पडायचं. पुढे क्षयाच्या आजारामुळे देवासला राहावं लागलं, आणि तिथे माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानी आली. त्यानंतर जे गाणं आलं ते कुणासारखंच नव्हतं.

नक्कल करणाऱ्या पोराला हिणवू नये, असं मला यावरून ठामपणे वाटतं. त्याच्या पुढ्यात आणखी गाणी ठेवावीत. ‘हायवे ट्यून’ आलं तेव्हा किस्का भाऊ विशीच्या आसपास होते.

मुंबईच्या बँडांनाही हा त्रास झाला का?

झाला, आणि तो जास्त कडवट होता. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरायचा. उघड्यावरचं ते रंगमंदिर कॉलेजच्या पोरांनी भरून जायचं, आणि गर्दीला हवी असायची परदेशी गाणी, जशीच्या तशी. गिटारचा सोलो (एकट्याने वाजवायचा भाग) रेकॉर्डप्रमाणे वाजला तर टाळ्या. स्वतःचं गाणं सुरू केलं की हुर्यो. तरीही रॉक मशीन या मुंबईच्या बँडने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. महेश तिनाईकरसारखा गिटारिस्ट त्यात होता. पुढे १९९३ मध्ये त्यांनी इंडस क्रीड हे नाव घेतलं. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले हे कार्यक्रम बंद पडले. त्या गर्दीने जितक्या बँडांना स्वतःची गाणी करण्यापासून परावृत्त केलं, त्यांचं मला आजही वाईट वाटतं.

ग्रेटा व्हॅन फ्लीट मुंबईला येऊन गेले ना?

हो. जानेवारी २०२३ मध्ये, महालक्ष्मी रेसकोर्सवर, पहिल्या लोलापालूझा इंडिया या संगीत महोत्सवात.

आमचे बाबा म्हणतात, १९८० नंतर रॉक संपला. त्यांना काय सांगू?

वाद घालू नका. त्यांनी कॅसेटवर कॅसेट उतरवून, ऱ्हिदम हाऊस या रेकॉर्डच्या दुकानात तासन् तास उभं राहून हे संगीत मिळवलं आहे. त्यांना ते जपावंसं वाटणारच. त्यांना रायव्हल सन्सचा २०१९ चा ‘फेरल रूट्स’ लावून द्या, बँडचं नाव आधी सांगू नका, आणि ड्रम्सबद्दल काय वाटतं ते विचारा. बाबांनी तुम्हाला झेपलिनच्या ‘फिजिकल ग्राफिटी’ या दुहेरी रेकॉर्डच्या चारही बाजू सलग ऐकायला लावली, तर तुम्हीही नाही म्हणू नका.

लेड झेपलिन पुन्हा एकत्र येतील का?

१० डिसेंबर २००७ रोजी लंडनच्या ओटू अरीनात ते आले, अटलांटिक रेकॉर्ड्सच्या अहमत एर्तेगून यांच्या स्मृतीसाठी. ड्रम्सवर बॉनमचा मुलगा जेसन होता. त्यानंतर नाही. प्लँटने त्याच वर्षी ॲलिसन क्रॉसबरोबर ‘रेझिंग सँड’ काढला. त्यात तो जवळजवळ कुजबुजत गातो. ज्या किंचाळीवरून नव्या पोरांना मोजतात, ती त्याने स्वतः केव्हाच मागे टाकली आहे. मला हा निर्णय योग्य वाटतो.

सुरुवात कुठून करू?

मूळ आधी, मग झेपलिन, मग नवे, या क्रमाने. मडी वॉटर्सचं ‘यू नीड लव्ह’, मग ‘होल लोटा लव्ह’. मेम्फिस मिनीचं ‘लेव्ही’, मग बॉनमचं. बर्ट जान्शचं ‘ब्लॅकवॉटरसाइड’, मग ‘ब्लॅक माउंटन साइड’. त्यानंतर ‘द रोव्हर’ आणि लगेच ‘हायवे ट्यून’; पुढे रायव्हल सन्सचं ‘प्रेशर अँड टाइम’. हे लोकलमध्ये फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, बेस ऐकूच येणार नाही. घरी, चांगल्या हेडफोनवर ऐका. एका बैठकीत दोन-तीन जोड्या पुरेत. ‘फ्रेंड्स’चं मूळ मुद्रण आणि मुंबईतलं मुद्रण ही जोडी मात्र वेगळ्या दिवसासाठी ठेवा, कारण ती ऐकल्यावर दुसरं काही ऐकावंसं वाटत नाही.